पहाटेचा उंचवटा

“ताई, तुम्ही पहाटे उठून काही खाता का हो?” सिस्टरनं तिला विचारलं तेव्हा तिच्या तोंडात तपासणीसाठी दिलेलं, व्हॅनिलाच्या वासाचं ते गोडमिट्ट पेय होतं. भरल्या तोंडानं माणूस मान हलवण्यापलीकडे काय करणार? तिनं मान हलवली. नाही. घोट गिळून झाल्यावर तोंडानंही सांगितलं, “छे हो, मी कशाला उठतेय पहाटे!” आणि सांगता सांगताच तिला ऐकू आलं की आपला आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा आलाय. खोटं काहीच नव्हतं. पण हा प्रश्न लोक तिला तिसरीत असल्यापासून विचारत आले होते, आणि इतक्या वर्षांत त्याचं उत्तर खरं वाटेल अशा आवाजात तिला एकदाही देता आलं नव्हतं. सिस्टर मात्र भली बाई. तिनं नुसतं “बरं” म्हटलं, तिच्या हातातल्या सुईला लावलेल्या नळीतून आणखी एक कुपीभर रक्त काढून घेतलं, आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर तिचा गेला पंधरवडा होता. दंडावर चिकटवलेलं ते बटण रात्रंदिवस साखर मोजायचं, पण आकडे तिला दिसायचे नाहीत; ते फक्त इथं, या खोलीत, वाचले जायचे. अभ्यासाचा नियमच तसा होता. रुग्णानं आकडे पाहिले की तो वागणं बदलतो म्हणे. बदलतोच! ती तर आयुष्यभर आकडे पाहूनच वागत आली होती. रेघ रात्रभर छान आडवी पडलेली होती, पाय पसरून झोपलेल्या माणसाची असावी तशी. आणि मग पहाटेच्या तोंडाला एकदम उभी. वर जाऊन थोडी रेंगाळत, उतरत उतरत सकाळी पुन्हा जागेवर. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाचदा तरी. तेवढ्यात डॉक्टर आले. मनातल्या मनात ती त्यांना कुजबुजे म्हणायची, कारण ते सगळं इतक्या हळू बोलायचे, जणू आवाज चढला तर तिच्या आत नव्यानं सोडलेल्या पेशी दचकून उठतील. “गोळी चालू होती तेव्हाही हा उंचवटा होता, पण दबलेला,” ते कुजबुजले. “आता गोळी थांबवलीय, तर वर आलाय. पहाटे शरीर स्वतःच साखर सोडतं, ते सगळ्यांचंच होतं. पण तुमच्या पेशींना ती आवरत नसेल तर... पुढच्या पंधरवड्यातही असंच दिसलं ना, तर पेशी थकल्यात असं धरावं लागेल.” पुढचं तिला ठाऊक होतं. म्हणजे अभ्यासातून बाहेर. म्हणजे पुन्हा इन्सुलिन, पुन्हा दिवसातून चारदा पोटाला चिमटा घेऊन सुई, घासाघासाचा हिशोब. “पहाटे घाम वगैरे?” त्यांनी विचारलं. “येतो की. वयच आहे माझं घामाचं,” ती म्हणाली. पाळी जायच्या दिवसांत अंगाची अशी लाहीलाही होते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते हसले, मान डोलावली आणि गेले.

पेय संपवून ती आरामखुर्चीत पडून राहिली. अजून बराच वेळ थोड्या थोड्या अंतरानं रक्त काढणार होते. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. भीती होती हे खरं, पण त्या भीतीच्या बाजूलाच दुसरं काहीतरी जागं झालं होतं, आणि ते म्हणजे नुसतं कुतूहल. रेघ उभी का चढते? तिला साखरेचा डबा आठवला. पत्र्याचा, झाकणावर पोचा आलेला. आजार कळला त्या वर्षी आईनं तो कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. एकदा तापात तिची साखर वर गेली, तेव्हा आईनं तिला समोर उभं केलं. “खरं सांग. काय खाल्लंस?” “काही नाही.” “खरं सांग.” “काही नाही गं आई.” शेवटी मारापेक्षा सोपं म्हणून तिनं कबूल केलं की चोरून साखर खाल्ली. किल्ली आईच्या कमरेला होती, डबा कुलपात होता, तरी आईला ते पटलं. इतकं पटलं की तिनं पोरीला जवळ घेतलं आणि रडली. न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली की माया मिळते, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते शिकणं काही बरं नव्हतं.

तर या पेशी, ती त्यांना पाहुणे म्हणायची. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे पुंजके. कुणा गेलेल्या माणसाच्या पोटातून काढून, धुऊनबिवून, एका पिशवीतून तिच्या यकृतात सोडलेले. माणूस कोण, बाई की बुवा, ते कधीच सांगत नाहीत. पिशवी लटकवली तेव्हा ती जागी होती. आत पाण्यासारखं काहीतरी होतं आणि तळाशी जरासा गाळ. एवढंच? असं वाटलं होतं तिला. त्या गाळानं काही आठवड्यांत तिची सुई सोडवली. मग हा अभ्यास आला: मधुमेहाचीच एक साधी गोळी काही महिने द्यायची, त्यानं नव्या पेशींना बळ येतं का बघायचं, आणि मग गोळी काढून घेऊन पेशी आपल्या पायावर उभ्या राहतात का ते बघायचं. ती लगेच हो म्हणाली. नवऱ्यानं विचारलं, “कशाला नसतं झेंगट?” ती म्हणाली, “पाहुण्यांना काय आवडतं ते कळेल तरी.” थट्टेनं म्हणाली, पण अगदीच थट्टा नव्हती. कारण गेले काही महिने एक गोष्ट होत होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. सकाळी जाग आली की तोंड गोड असायचं.

गोड म्हणजे साखरेसारखं नाही. जाडसर, थोडं घशाला लागणारं, फुलाबिलासारखं काहीतरी. पहिल्यांदा तिला वाटलं, औषधांमुळे. पाहुण्यांना शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून मूठभर औषधं चालूच होती, त्यानं तोंडाची चव बदलते असं माहितीपत्रकात होतं. मग तिला उगीच वाटायला लागलं की ही चव आपली नाहीच. ही त्याची किंवा तिची, त्या गेलेल्या माणसाची, आवडती चव आहे, आणि पहाटे घरातली सगळी निजली की पाहुणे आपल्या जुन्या घरची आठवण काढतात. अडाणीपणा आहे हा, हे तिला कळत होतं. ती इंजिनिअर बाई. पण दात घासताना ती चव लगेच धुऊन टाकायला तिचं मन होईना. दोन मिनिटं तशीच बेसिनसमोर उभी राहायची, आणि बाहेरून नवरा ओरडायचा, “नळ चालू ठेवून काय करतेस? तूच ना ती पाण्यासाठी जगाला शिव्या घालणारी?” नळ चालू नसायचाच. पण हा त्यांचा जुना विनोद होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं दाढी करताना नळ वाहता ठेवला होता आणि नव्या नवरीनं येऊन तो काही न बोलता बंद केला होता.

दुपारी ती कार्यालयात गेली. पाणीपुरवठा खात्याचा गळती विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, भिंतीवर शहराचे नकाशे, आणि टेबलांवर पडदे. एकेका वस्तीत किती पाणी जातं त्याच्या रेघा त्या पडद्यांवर चालू असतात. ती वीस-बावीस वर्षं या रेघा वाचत होती. शहर झोपलेलं असतं तेव्हाची रेघ बघायची, हा या धंद्याचा पहिला धडा. सगळे नळ बंद, तरी पाणी जातंय, म्हणजे कुठंतरी गळतंय. कोपऱ्यातल्या टेबलावरचा नवा सहकारी एका रेघेकडे बघत डोकं खाजवत होता. “मॅडम, इथं जुनी पाइप फुटली असणार. पहाटे बघा कसं वर गेलंय.” ती त्याच्या खांद्यावरून वाकली आणि विचार न करता, सवयीनं म्हणाली, “अरे, ही गळती नाही. गळती अशी उठून बसत नाही. ती हळूहळू वाढते, आणि वाढली की राहते. हिला बघ, कड आहे. एकदम उभी, मग उतरलेली. कुणीतरी हातानं कॉक फिरवतंय.” बोलून ती तिथंच थांबली. सहकारी पुढं काहीतरी विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. सकाळचा पडदा डोळ्यांपुढं आला होता. उभी कड. मग उतार. पेशी थकल्या असत्या तर रेघ अशी ताडकन उठली असती का? तो हात होता. कुणीतरी आत काहीतरी ओतत होतं.

कोण? घरात माणसं दोन. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी. उरली ती स्वतः आणि नवरा. आणि नवरा म्हणजे झोपेतला दगड, त्याला उठवायला घड्याळ कमी पडायचं. मग उरली ती स्वतः. म्हणजे आपणच झोपेत उठतो? स्वयंपाकघरात जातो, डबा उघडतो, बोटानं खातो, आणि सकाळी विसरतो? म्हणजे आईचं खरं होतं? आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती आता येऊन टेबलाशी उभी राहिल्यासारखी वाटली. खरं सांग. भीती वाटली, आणि गंमत म्हणजे भीतीच्या पोटातही ते कुतूहल शाबूत होतं. आपण झोपेत कसं चालत असू? दिवा लावत असू का? चमचा घेत असू की बोट?

कार्यालयात एखाद्या कॉकच्या झाकणाचा संशय आला की ते त्यावर बारीक दोरा ताणून ठेवायचे. कुणी उघडलं तर दोरा तुटतो. घरी आल्यावर तिनं तेच केलं. नवरा आंघोळीला गेला तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत, गुडघ्याच्या उंचीवर, शिवणाचा पांढरा दोरा बांधला. हसू येत होतं. जेवताना तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा, त्यामुळे जेवणही वेळेवर, झोपही वेळेवर. “काय म्हणाले तपासणीत?” त्यानं विचारलं. “आकडे कळायचेत अजून,” ती म्हणाली. हे अर्धं खोटं होतं. पण ‘पाहुणे बहुतेक चाललेत’ असं त्या भातासमोर, त्या माणसाला कसं सांगायचं? सुया सुटल्या त्या दिवशी त्यानं उरलेल्या सगळ्या सुया एका जाड पिशवीत भरून दवाखान्यात परत केल्या होत्या, आणि परत येताना वाटेत उगीचच शिट्टी वाजवत होता. त्याला शिट्टी वाजवता येत नाही.

सकाळी दोरा तसाच होता. ताणलेला, अखंड. आणि तोंड गोड होतं.

ती दोऱ्यासमोर उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ त्याला बघत राहिली. आई, बघ गं. मी नाही. एवढ्या वर्षांनी एका दोऱ्यानं तिची बाजू घेतली होती, आणि तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. पण मग कोण? साखर स्वयंपाकघरातून येत नव्हती. म्हणजे ती झोपायच्या खोलीतच होती. तिनं दिवसभर ती खोली मनात उलगडली. पलंग, कपाट, पंखा, तिच्या बाजूला औषधांची पेटी, त्याच्या बाजूला छोटं टेबल, त्याला एक खण. खणात काय असतं? चष्मा, बॅटरी, जुन्या किल्ल्या. आणि अचानक तिला आठवलं की त्या खणात काय असायचं. पण ते तर जुनं झालं. ते आता कशाला असेल! तिनं जाऊन खण उघडला नाही. उघडावंसं वाटलं नाही. कॉक फिरताना बघायचा असतो, आधी जाऊन हात लावला तर काही कळत नाही, हेही धंद्यातलंच.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे डोळे मिटून जागी पडून राहिली. खिडकी बंद होती, कारण त्याला वारा सोसत नाही. बाहेर कुठंतरी दूधगाडीच्या बाटल्या वाजल्या. मग छातीपासून ती ऊब उठली, मानेवर, कानांमागे, कपाळावर. अंगातली भट्टी कुणीतरी पेटवल्यासारखी. घाम फुटला. ती कण्हली असेल, तिला नक्की माहीत नाही. लगेच शेजारी गादी हलली. तोच तो, घड्याळानं न उठणारा माणूस. त्यानं डोळेही उघडले नव्हते. तळहात तिच्या कपाळावर आला, ओल चाचपली, आणि परत गेला. खण सरकला. झाकण फिरल्याचा बारीक आवाज. मग त्याचा अंगठा तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी, अगदी सराईतपणे, गाल जरा बाजूला करून, आणि गालाच्या आत चमचाभर मध.

गिळू नकोस, तिनं स्वतःला बजावलं, आणि मध तसाच तोंडात धरला. मध! आयुष्यभर तिनं मध खाल्ला होता तो फक्त बुडताना. साखर खाली कोसळलेली, हातपाय थरथरतायत, डोळ्यांपुढं अंधारी, दात चमच्यावर आपटतायत, अशा वेळी मध म्हणजे चव नसते, दोर असतो. शांतपणे, हातपाय जागेवर असताना, तो तिच्या जिभेवर कधी आलाच नव्हता. म्हणून तर तिला ओळखता आला नाही. जाडसर, घशाला लागणारा, फुलाबिलाचा. तिला जोरात हसायचं होतं. आणि त्याच क्षणी संतापही आला, चांगला सणसणीत. अरे गाढवा! पाहुण्यांच्या जिवावर उठलायस तू! मी दोन दिवस त्यांना मेलेलं समजून मनात रडतेय आणि तू रोज पहाटे... त्याचा हात मागं जायच्या आत तिनं त्याचं मनगट धरलं.

“अगं, सोड. साखर उतरलीय तुझी,” तो झोपेतच म्हणाला. “घे आणखी थोडा.”

तिनं उशाच्या रुमालात मध थुंकला आणि दिवा लावला. त्यानं डोळे किलकिले केले. बरणी त्याच्या पोटावर होती, चमचा हातात. ती उठली, स्वतःचं बोट पुसून सुई टोचली, आणि यंत्र त्याच्या नाकासमोर धरलं. आकडा नव्वदीच्या घरातला होता. तुमचा-आमचा असतो तसा.

“पण घाम...” तो म्हणाला.

“मला नुसतं उकडतंय रे! म्हातारी होतेय मी.”

तो आकड्याकडे बघत राहिला, मग चमच्याकडे. “मी देत होतो? हल्लीसुद्धा?”

“तुला आठवत नाही?”

“नाही गं.” त्यानं खरोखरच डोक्याला हात लावला. “एकदा तू उठलीच नव्हतीस ना. मुलगी तान्ही होती तेव्हा. तेव्हापासून घाम हाताला लागला की...” ती पहाट तिला आठवत नव्हती. आठवणं शक्यच नव्हतं, ती बेशुद्ध होती. ती फक्त त्याच्याकडे होती. एवढी वर्षं त्याच्या हातानं ती सांभाळली होती आणि डोक्याला कळूही दिलं नव्हतं. तिचा संताप कुठं गेला ते तिला कळलं नाही. तिला उंचवट्याची सगळी हकीकत सांगावी लागली, पेशी थकल्यात असं डॉक्टर समजले होते, हेही. ऐकताना त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. “म्हणजे मी तुला...” “अरे नाही,” ती म्हणाली, “अजून काही झालेलं नाही. मध थांबवायचाय फक्त.”

“मग मी काय करू?” त्यानं विचारलं. चमचा कुठं ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. मधाचा थेंब चादरीवर पडायच्या बेतात होता. “घाम आला तर? मी काय करायचं तेव्हा?”

“खिडकी उघड,” ती म्हणाली.

त्यानं चमचा चाटून टाकला, तोंड वाकडं केलं, कारण त्याला मध आवडत नाही, आणि उठून खिडकी उघडली. गार वारा आत आला. तो शाल पांघरून कुडकुडत बसला आणि ती उघड्या मानेनं पडून राहिली.

सकाळी तिनं कुजबुज्यांना फोन करून सगळं सांगितलं. मग ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, “मध?” आणि असे हसले की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. अर्थात नियम तो नियम. पुढचा पंधरवडा बघितल्याशिवाय काही बोलता येणार नाही, पेशी खरंच थकल्या आहेत की नाहीत ते मधाशिवायच कळेल, असं ते पुन्हा हळू आवाजात म्हणाले. तो पंधरवडा घरात विचित्र गेला. बरणी आता स्वयंपाकघरात होती. पहाटे ती कधी अर्धवट जागी असायची आणि डोळ्यांच्या फटीतून बघायची. हात यायचा, कपाळ चाचपायचा, खणाकडे जायचा, रिकाम्या खणात क्षणभर घुटमळायचा. मग गादी हलायची आणि खिडकीची कडी वाजायची. सकाळी तोंड गोड नसायचं. खरं सांगायचं तर तिला त्या चवीची थोडी हुरहुर लागली होती. पाहुण्यांना जुन्या घराची आठवण येते, हे किती छान होतं मानायला.

सिस्टरचा फोन आला तेव्हा दोघं नाश्त्याला बसले होते. ती ऐकत राहिली, “हो”, “बरं”, “येते मग” म्हणाली आणि फोन खाली ठेवला. तो पाव हातात धरून बसला होता, कितीतरी वेळ तो पाव त्यानं तोंडात घातला नव्हता.

“काय?”

“रेघ आडवी. सगळ्या रात्री. पाहुणे ठणठणीत आहेत, गोळीशिवायसुद्धा.”

“बरं,” तो म्हणाला. पाव ताटलीत ठेवला. “बरं झालं.” मग उठला, म्हणाला, “हात चिकट झालेत,” आणि बेसिनकडे गेला. दार लोटून घेतलं. नळ सुटला, पूर्ण, धो धो. ती ऐकत होती. हात धुवायला इतका वेळ लागत नाही. पाणी नुसतं वाहत होतं, कुणाच्याच उपयोगाचं नाही, आणि त्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तो लपावा म्हणूनच नळ सोडला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती उठली नाही. चहा निवेपर्यंत तिनं नळ वाहू दिला.